कुलपाआधी मुदत: सोलापुरातल्या नव्या स्टोरेज ॲडमिनसाठी वर्म रिटेन्शन

सोलापुरात सिस्टीम ॲडमिन म्हणून रुजू झालात की हे काम कधी ना कधी तुमच्या टेबलावर येतेच. नागरी सहकारी बँकेत असाल तर ऑडिटर विचारतो, "दिवसअखेरचे रिपोर्ट नंतर कुणी बदलले नाहीत, याचा पुरावा काय?" अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात असाल तर जुनी इनव्हॉइस आणि शिपिंग बिले जशीच्या तशी दाखवायची वेळ येते. साखर कारखान्यात ऊसबिलांचे तेच. मग कुणीतरी सांगतो, "आपल्या स्टोरेजमध्ये वर्म आहे ना, ते चालू करा."

वर्म म्हणजे लिहिलेली फाइल ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलू किंवा पुसू न देणारी स्टोरेजची सोय. ती चालू करणे खरोखर सोपे आहे. पाच-सहा कमांड, नाहीतर दोन-तीन स्क्रीन. अवघड आहे ते त्याच्या आधीचे: कुठली फाइल, किती काळ, कुठल्या तारखेपासून. हे न ठरवता लावलेले कडक लॉक नंतर कुणालाच काढता येत नाही. तुम्हाला नाही, मॅनेजरसाहेबांना नाही आणि स्टोरेज कंपनीच्या सपोर्टलाही नाही. म्हणून या लेखात कमांडपेक्षा मुदतीवर जास्त जागा खर्च केली आहे.

हे नक्की काय आहे

वर्म म्हणजे एकदा लिहा, हवे तितक्यांदा वाचा. फाइल नेहमीसारखी तयार होते, नेहमीसारखी उघडते. एका क्षणी ती ‘कमिट’ केली जाते आणि तिथून पुढे ठरलेल्या तारखेपर्यंत तिचा मजकूर बदलत नाही, नाव बदलत नाही, ती पुसली जात नाही. नेटॲपमध्ये याला स्नॅपलॉक म्हणतात, डेलच्या पॉवरस्केलमध्ये स्मार्टलॉक, युनिटीमध्ये फाइल लेव्हल रिटेन्शन, डेटा डोमेनमध्ये रिटेन्शन लॉक. ऑब्जेक्ट स्टोरेज वापरत असाल तर तिथे ऑब्जेक्ट लॉक. नावे वेगळी असली तरी गाभा एकच आहे. एका बॉक्सवर (म्हणजे स्टोरेज यंत्रावर) नीट शिकलात की दुसऱ्यावर आठवडाभरात रुळाल.

साध्या रीड-ओन्ली परमिशनशी याची गल्लत करू नका. ती परमिशन ज्याने लावली तो काढतो. लिनक्सवर सीएचॲटरने फाइल ‘इम्युटेबल’ करता येते, पण रूट (सर्वाधिकारी खाते) असलेला माणूस ती एका ओळीत मोकळी करतो. ऑडिटरला नेमका याच माणसापासून बचाव हवा असतो, म्हणजे तुमच्यापासून. हे मनाला लावून घेऊ नका. उद्या रेकॉर्डमध्ये काही गडबड निघाली तर "ॲडमिनला बदलता येतच नव्हते" हे वाक्य तुमचेच रक्षण करणार आहे.

आणखी एक, वर्म म्हणजे बॅकअप नव्हे. लॉक केलेली फाइल असलेला बॉक्सच जळाला तर फाइलही गेली. दुसरी प्रत पुण्याच्या डीआर साइटवर (आपत्तीत कामी येणाऱ्या पर्यायी ठिकाणी) किंवा निदान शहरातल्या दुसऱ्या इमारतीत हवीच. रॅन्समवेअर लॉक केलेल्या फाइलला हात लावू शकत नाही हे खरे, पण कमिट होण्याआधीच फाइल एन्क्रिप्ट झाली असेल तर वर्म ती बिघडलेली फाइलच वर्षानुवर्षे इमानदारीने सांभाळेल.

पहिली पायरी: मुदतीचा कागद

कन्सोल उघडू नका. एक शीट उघडा आणि चार रकाने करा: रेकॉर्डचा प्रकार, किती काळ, मोजणी कुठून सुरू, हे कुणी ठरवले. चौथ्या रकान्यात नाव आणि सही हवी, आणि ती सही आयटीची नसावी. मुदत अकाउंट्सने किंवा कंप्लायन्स अधिकाऱ्याने ठरवायची. आपण फक्त ती लागू करतो.

आपल्याकडे सतत लागणाऱ्या काही मुदती सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. सहकारी बँकांसाठी १९८५ चे रेकॉर्ड जतनाचे नियम आहेत. त्यात काही नोंदींना ५ वर्षे, काहींना ८. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहाराच्या नोंदी व्यवहाराच्या तारखेपासून ५ वर्षे. सर्व्हरच्या लॉगसाठी (घडामोडींच्या नोंदींसाठी) सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवस सांगतात. संस्थेला आणखी कुठला नियम लागतो, हे सीए आणि कंप्लायन्सकडून लेखी घ्या.

आकडा तोंडपाठ असून भागत नाही, मोजणी कुठून करायची ते कळले पाहिजे. टॉवेलच्या कारखान्याचे २०२४-२५ चे एक विक्री बिल घ्या. जीएसटीचे वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ ला देय, तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. तोच कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याने ते बिल ३१ मार्च २०३३ पर्यंत लागणार. दोन तारखांपैकी लांबची धरायची. "बिल बनल्यापासून ६ वर्षे" असे सरधोपट लॉक लावले असते तर एप्रिल २०२४ चे बिल एप्रिल २०३० मध्येच मोकळे झाले असते, जीएसटीच्या तारखेच्याही सुमारे वीस महिने आधी.

बँकेत याहून नाजूक प्रकरण म्हणजे खाते उघडण्याचा फॉर्म आणि केवायसीची कागदपत्रे. त्यांची ५ वर्षे खाते बंद झाल्यावर किंवा ग्राहकाशी व्यवहाराचे नाते संपल्यावर सुरू होतात, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून. फॉर्म स्कॅन होतो त्या दिवशी ही तारीख कुणालाच माहीत नसते. नवे ॲडमिन इथे ‘सुरक्षित बाजूने’ २५-३० वर्षे टाकून मोकळे होतात. तसे करू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोख असा आहे की हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर वैयक्तिक माहिती पुसली पाहिजे. ३० वर्षांचे लॉक लावून बसलात तर पुसायचे म्हटले तरी पुसता येणार नाही. अशा फाइलींना छोटी मुदत द्या आणि खाते चालू असेपर्यंत ती ठरावीक काळाने पुढे ढकलत राहा. मुदत पुढे नेता येते, मागे आणता येत नाही. सगळी आखणी या एका नियमावर उभी करा. नेटॲपवर घटनेपासून मुदत मोजण्याची सोयही आहे, खाते बंद झाल्याची घटना नोंदवली की तिथून मोजणी सुरू.

दुसरी पायरी: कडक की सैल

जवळपास सगळ्या प्रणालींत दोन प्रकार असतात. कडक प्रकाराला बहुतेक ठिकाणी कंप्लायन्स म्हणतात. त्यात मुदत संपेपर्यंत कुणीही, अगदी रूटसुद्धा, फाइल पुसू शकत नाही. शेवटच्या फाइलची मुदत संपेपर्यंत अख्खा व्हॉल्यूमही (स्टोरेजचा स्वतंत्र कप्पा) मोडता येत नाही. पॉवरस्केलचा क्लस्टर (जोडलेल्या यंत्रांचा समूह) कंप्लायन्स मोडमध्ये नेला की रूट लॉगिनच बंद होते आणि त्याजागी मर्यादित अधिकारांचे खाते मिळते. सैल प्रकार म्हणजे एंटरप्राइज किंवा गव्हर्नन्स. त्यात फाइल सगळ्यांपासून सुरक्षित असते, पण ठरावीक अधिकार असलेल्या माणसाला ती पुसता येते आणि त्या पुसण्याची नोंद राहते.

माझे मत स्पष्ट आहे. नियामकाने किंवा ऑडिटरने कडक प्रकार लेखी मागितला नसेल तर एंटरप्राइजपासून सुरुवात करा. सहा महिने चालवा, शीटमधल्या मुदती प्रत्यक्षात तपासून घ्या, चुकीच्या फोल्डरमध्ये काय काय येऊन पडते ते बघा. मग ज्या रेकॉर्डला खरोखर गरज आहे तेवढ्यासाठीच नवा कंप्लायन्स व्हॉल्यूम करा. ‘नवा’ म्हणतोय ते मुद्दाम. बहुतेक बॉक्सवर हा प्रकार व्हॉल्यूम किंवा फाइल सिस्टीम तयार करतानाच निवडावा लागतो, नंतर बदलत नाही.

तिसरी पायरी: घड्याळ

मुदतीचे सगळे गणित घड्याळावर चालते. सर्व्हरची तारीख २०४० वर नेऊन फाइली मोकळ्या करण्याची पळवाट बंद व्हावी म्हणून या प्रणालींत नेहमीच्या घड्याळापेक्षा वेगळे, छेडता न येणारे कंप्लायन्स घड्याळ असते. ते सुरू करताना त्या क्षणाची सिस्टीमची वेळ उचलते. म्हणून आधी प्रत्येक नोडची (समूहातल्या यंत्राची) वेळ आणि टाइमझोन स्वतः डोळ्यांनी बघा, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) जोडा, आणि मगच ते घड्याळ सुरू करा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितले आहे, तोच स्रोत इथे वापरा.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक खास सूचना. पारा ४२-४३ वर गेला की छोट्या सर्व्हर रूममधला एसी मान टाकतो आणि बॉक्स बंद ठेवावा लागतो. स्नॅपलॉकसारख्या प्रणालींत व्हॉल्यूम बंद असताना त्याचे कंप्लायन्स घड्याळ थांबते, आणि नंतर ते खऱ्या वेळेला हळूहळूच गाठते. पॉवरस्केलवर ही भरपाई वर्षाला जास्तीत जास्त १४ दिवसांची. म्हणजे बॉक्स आठवडाभर बंद राहिला तर फाइल ठरल्या तारखेनंतर मोकळी होऊ शकते. रेकॉर्डला धोका नाही, पण "आज मुदत संपली, तरी पुसली का जात नाही?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे असावे. असे शटडाउन तारखेसकट नोंदवून ठेवा.

चौथी पायरी: व्हॉल्यूम आणि तीन आकडे

व्हॉल्यूम तयार केल्यावर तीन मुदती द्यायच्या असतात: किमान, कमाल आणि डिफॉल्ट. फाइल कमिट करताना तुम्ही तारीख दिली तर ती किमान-कमालच्या चौकटीत बसवली जाते. तारीख दिलीच नाही तर डिफॉल्ट लागतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: डिफॉल्ट रिकामा सोडू नका.

स्नॅपलॉकमध्ये काही न बदलता कंप्लायन्स व्हॉल्यूम वापरात आणला तर तारीख न देता कमिट केलेली फाइल ३० वर्षांसाठी अडकते. एंटरप्राइजमध्ये याच्या नेमके उलटे: तिथे ती ० वर्षांसाठी लॉक होते, म्हणजे झालीच नाही म्हणा. पहिल्यात बॉक्स भरून जातो, दुसऱ्यात ऑडिटला दाखवायला काहीच उरत नाही, आणि दोन्हीही वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचे डिफॉल्ट वेगळे असतात, ते त्या त्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

८ वर्षांच्या हिशेबी रेकॉर्डसाठी मी असे ठेवतो: किमान १ दिवस, डिफॉल्ट ९ वर्षे, कमाल १० वर्षे. फाइल वर्षाच्या सुरुवातीला तयार झाली तरी त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासूनची पुढची ८ वर्षे ९ मध्ये झाकली जातात. कमाल १० ठेवल्याने कुणी हाताने तारीख देताना २०३४ ऐवजी २३४० टाकले तरी नुकसान मर्यादेत राहते. वेगवेगळ्या मुदतींची रेकॉर्ड एका व्हॉल्यूममध्ये कोंबू नका. ५ वर्षांचा वेगळा, ९ वर्षांचा वेगळा.

जागेचा हिशेब आत्ताच करा, कारण इथे "जुने उडवून जागा करू" हा मार्ग नसतो. दिवसाला २० जीबी आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ६ टीबी. ९ वर्षांच्या लॉकला ५४ टीबी, आणि डीआरवर पुन्हा तेवढेच. हा आकडा मालकांना किंवा संचालक मंडळाला पहिल्याच बैठकीत दाखवा.

फोल्डरची रचनाही कागदावर पक्की करा: शाखा, आर्थिक वर्ष, महिना. लॉक झालेली फाइल हलवता येत नाही आणि ती ज्यात आहे त्या फोल्डरचे नावही बहुतेक ठिकाणी बदलत नाही. ‘न्यू फोल्डर २’ हे नाव तिथे नऊ वर्षे दिसत राहील.

पाचवी पायरी: पहिली फाइल हाताने

चाचणीचा वेगळा एंटरप्राइज व्हॉल्यूम करा, मुदत बॉक्स देईल तितकी लहान. स्नॅपलॉकवर काही मिनिटेही चालतात, डेटा डोमेनवर किमान १२ तास. त्यात ३१ मार्चच्या डेबुकची एक पीडीएफ कॉपी करा.

लिनक्सकडून पद्धत अशी. टच कमांडला ‘ए’ आणि ‘टी’ हे पर्याय देऊन फाइलची ॲक्सेस टाइम (शेवटची उघडल्याची वेळ) मुदतीच्या तारखेवर न्यायची. खऱ्या व्हॉल्यूममध्ये ३१ मार्च २०३४ ची रात्र हवी असेल तर आकडा २०३४०३३१२३५९ असा, आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिटे. त्यानंतर सीएचमॉडने राइट परमिशन काढायची. राइट निघाली त्या क्षणी स्टोरेज फाइल कमिट करते. विंडोजकडून ॲक्सेस टाइम पॉवरशेलने बदलायची आणि मग रीड-ओन्लीची खूण लावायची. हा क्रम उलटा करू नका. आधी रीड-ओन्ली केलीत तर तुमच्या तारखेऐवजी डिफॉल्ट बसतो. डेटा डोमेनवर तर भविष्यातली ॲक्सेस टाइम दिली की तेवढ्यानेच लॉक लागते, दुसऱ्या कमांडची गरज नाही.

आता ती फाइल मोडायचा मनापासून प्रयत्न करा. पुसून बघा, नाव बदलून बघा, एक अक्षर वाढवून बघा, साध्या युजरने आणि रूटनेही. मुदत मागे आणून बघा. प्रत्येक वेळी आलेला एरर आणि वेळ स्क्रीनशॉटसह जपा. ऑडिटरच्या प्रश्नाला पॉलिसीच्या कागदापेक्षा हा पुरावा जास्त वजनदार उत्तर देतो. मुदत संपल्यावर पुन्हा तेच करा. पुसता आली पाहिजे, पण मजकूर तेव्हाही बदलता येत नाही, हेही नोंदवा.

२०३८ नंतरची मुदत द्यायची असेल तर ती वेगळी तपासा. जुन्या ३२-बिट पद्धतीत १९ जानेवारी २०३८ ला वेळेची मोजणी संपते. मध्ये एखादे जुने ॲप्लिकेशन असेल तर तुम्ही दिलेली तारीख आणि स्टोरेजने लावलेली तारीख जुळते का, ते बॉक्सच्या कन्सोलवरून बघा.

सहावी पायरी: ऑटोकमिट, जपून

रोज हजारो फाइली हाताने कमिट होणार नाहीत. ऑटोकमिट म्हणजे ठरावीक काळ फाइलला कुणी हात लावला नाही तर ती आपोआप लॉक. सोय चांगली आहे, पण काळ फार कमी ठेवू नका. बार्शीच्या शाखेत क्लार्क जाड फाइल स्कॅन करतोय, अर्ध्यात ग्राहक येतो किंवा लाइन जाते, आणि ऑटोकमिट ५ मिनिटांवर असेल तर अर्धवट पीडीएफ नऊ वर्षांसाठी पक्की होते. उघडून ठेवलेल्या वर्ड फाइलच्या तात्पुरत्या फाइली, विंडोजची ‘थंब्स डॉट डीबी’, अर्धवट राहिलेले अपलोड, सगळे तसेच अडकते.

म्हणून शाखांना वर्म शेअरवर थेट लिहू देऊ नका. साधा स्टेजिंग शेअर (मधला तात्पुरता फोल्डर) ठेवा. रात्री स्क्रिप्ट तिथल्या फाइली अँटिव्हायरसने तपासेल, एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा आकडी ठसा) काढेल, वर्म व्हॉल्यूममध्ये कॉपी करेल, हॅश पुन्हा जुळवेल, मग शीटमधल्या नियमाने तारीख देऊन कमिट करेल. हॅशची यादीही त्याच व्हॉल्यूममध्ये लॉक करा. ऑटोकमिट २४ तासांवर ठेवा, स्क्रिप्टकडून सुटलेल्या फाइलींसाठी जाळी म्हणून.

खऱ्या डेटावर हे सुरू करायचा मुहूर्त नीट निवडा. मार्च-एंडला नको आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नको, कारण दोन्ही वेळा शाखेतून फोन उचलणारा माणूस मिळत नाही. जून-जुलै बरा.

नंतरची कामे

एंटरप्राइजमध्ये पुसण्याचा विशेष अधिकार एकट्या ॲडमिनकडे ठेवू नका. एकाने मागायचे, दुसऱ्याने करायचे आणि ऑडिट लॉग तिसऱ्याने बघायचा. स्नॅपलॉकमध्ये तर ऑडिट लॉगसाठी स्वतंत्र लॉक असलेला व्हॉल्यूम असल्याशिवाय हा अधिकार वापरताच येत नाही, आणि तो नियम मला योग्य वाटतो.

जीएसटीचे अपील किंवा चौकशी चालू असेल तर ७२ महिने पुरत नाहीत. अंतिम निकालानंतर १ वर्ष किंवा मूळ मुदत, जी नंतर संपेल ती धरावी लागते. अशा फाइलींवर लीगल होल्डची (वाद मिटेपर्यंत फाइल रोखून ठेवण्याची) सोय असेल तर ती वापरा, नसेल तर मुदत पुढे न्या. त्यासाठी अकाउंट्स आणि वकिलांकडून नोटीस आल्याची खबर आयटीपर्यंत पोचायची वाट आधीच ठरवून ठेवा, नाहीतर नोटीस एका टेबलावर आणि फाइल पुसणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर, असे होते.

मुदत संपली की फाइल आपोआप नाहीशी होईल असे बहुतेक नव्या लोकांना वाटते. तशी वेगळी व्यवस्था लावल्याशिवाय होत नाही. फाइल फक्त पुसण्याजोगी होते आणि जागा अडवून तिथेच राहते. दर तिमाहीला मुदत संपलेल्यांची यादी काढा, चौथ्या रकान्यातल्या माणसाची सही घ्या, मग पुसा.

स्टोरेज बदलायची वेळ मात्र मुदतीच्या आधी येणार, हे धरून चला. सपोर्टचा करार साधारण ५ ते ७ वर्षांचा आणि लॉक ९ वर्षांचे, म्हणजे जुन्या बॉक्सवरच्या जिवंत लॉकसह स्थलांतर ठरलेले. एकाच कंपनीच्या दोन बॉक्समध्ये त्यांच्या रेप्लिकेशनने नेले तर लॉक आणि तारीख सोबत जाते. रोबोकॉपी किंवा आरसिंक या साध्या कॉपीच्या साधनांनी नेलेत तर पलीकडे पोचते ती साधी फाइल: लॉक नाही, मुदत नाही. कंपनी बदलत असाल तर प्रत्येक फाइलची मुदत जुन्या बॉक्सवरून यादीत काढा, नव्या बॉक्सवर तीच तारीख देऊन कमिट करा, जुन्या हॅशशी नवी हॅश जुळवा, आणि हे सगळे खरेदीची ऑर्डर निघण्याआधी विक्रेत्याकडून नमुन्याच्या शंभर फाइलींवर करून दाखवायला सांगा.